कूस बदलण्यास पुरावा नाही

माणूस एका कुशीवर फार वेळ पडून राहू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सगळ्यांना ठाऊक असणे हा पुरावा नव्हे. सगळ्यांना तर पुष्कळ काही ठाऊक असतं. त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं शेजाऱ्यांबद्दल असतं. म्हणून शहाण्या संस्था ठाऊक असलेल्या गोष्टींवर विसंबत नाहीत. त्या आधी समिती नेमतात.

ज्या रुग्णालयाची ही हकीकत आहे, ते अशाच शहाण्या संस्थांपैकी एक. तिथे वरून तपासणीला आलेल्या मंडळींनी एकदा विचारलं, "तुमच्या परिचारिका जे काही करतात, ते कशाच्या आधारावर करतात?" संचालकसाहेब म्हणाले, "पूर्वीपासून करतात." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. (तपासणीच्या शास्त्रात याला प्रतिकूल शेरा म्हणतात.) मंडळींची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच 'पुरावाधिष्ठित शुश्रूषा कक्ष' स्थापन झाला. जागा नव्हती, म्हणून नातेवाइकांची बसायची खोली त्याला दिली. नातेवाईक जिन्यात बसू लागले. जिन्यात बसण्याचे दुष्परिणाम कुठे सिद्ध झालेले नाहीत.

कक्षाने शुश्रूषेची तीन भागांत वाटणी केली: पुरावा असलेली, पुरावा नसलेली आणि विचाराधीन. इंजेक्शन देणं पहिल्या भागात गेलं. रुग्णाच्या कपाळावर हात ठेवणं दुसऱ्या भागात गेलं, कारण त्यासाठी थर्मामीटर आहे. 'धीर देणे (तोंडी)' विचाराधीन राहिलं. त्याची मात्रा किती, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. तोवर धीर देऊच नये असं नव्हतं. स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा, असं होतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं जुनी माणसं म्हणायची. जुन्या माणसांकडे प्रमाणित आरसे नव्हते, त्याला ती तरी काय करणार.

या सगळ्यावर मनापासून विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती त्या इमारतीत होती: हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. वॉर्डात तिला पाठीमागे 'पुरावाबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आतून आवडत होतं. त्याला कारण होतं. उभ्या नोकरीत तिने "सिस्टर, तुम्ही मत देऊ नका" हे वाक्य इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, की ते औषधाच्या बाटलीवर छापलेलं असतं तरी तिला नवल वाटलं नसतं. आता मताची गरजच उरली नव्हती. आकडा पुरे होता. आकड्यापुढे मोठमोठे डॉक्टर मान खाली घालतात, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय 'मुख्य संशोधन परिचारिका' असं नवं पद निघणार होतं. त्याला स्वतंत्र खोली होती, आणि त्या खोलीला लागणारं दार होतं. ज्या बाईने आयुष्यभर पडद्यामागे कपडे बदलले, तिला लागणारं दार म्हणजे काय, हे ज्यांना दारं आहेत त्यांना कळणार नाही.

विषय तिनेच सुचवला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, नाहीतर पाठीला, कंबरेला, टाचांना जखमा होतात. पुस्तकांत हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. पण साहेब म्हणाले, "पुस्तकातले पेशंट पुस्तकात. आपल्या पेशंटच्या पाठीबद्दल आपल्याकडे काय आहे?" काहीच नव्हतं. पाठी तेवढ्या होत्या.

तेव्हा असं ठरलं. वॉर्डाच्या डाव्या रांगेतल्या रुग्णांना वळवायचं. उजव्या रांगेतल्यांना वळवायचं नाही. मग बघायचं. कोण कुठल्या रांगेत, ते चिठ्ठी टाकून. चिठ्ठ्या किडनी ट्रेमध्ये ठेवायच्या, म्हणजे प्रक्रिया निर्जंतुक राहते. नीतिमत्ता समितीने एकच हरकत घेतली: 'कुशीवर वळवणे' हे शब्द फार घरगुती वाटतात. ते खोडून 'शरीरस्थिती-परिवर्तन' असं केल्यावर अभ्यास नीतिमान झाला. रुग्णांची संमतीही रीतसर घेतली. 'आपणांस सेवा मिळेल किंवा मिळणार नाही' हे वाचून बहुतेकांनी लगेच सह्या केल्या. एक जण म्हणाला, "म्हणजे आतापर्यंत चाललंय तेच ना?" त्याचं अज्ञान सिस्टरने हसून माफ केलं.

अभ्यास रंगात आला आणि सिस्टरची आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्याच वॉर्डात दाखल. ट्रे समोर आला. सगळा वॉर्ड सिस्टरच्या तोंडाकडे बघत होता. तिने चिठ्ठी उचलली, उघडली आणि वाचली. उजवी.

ट्रे धरणारी मावशी हळूच म्हणाली, "बाई, चिठ्ठी ओली झालीय. दुसरी काढा."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," सिस्टर म्हणाली.

आपलं ते बाळ आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मानणाऱ्या या जगात अशी माणसं विरळा. त्या दिवशी साहेबांनी सर्वांसमक्ष तिचं कौतुक केलं. आईला ते ऐकू गेलं नाही, ती बऱ्यापैकी विव्हळत होती.

आई तशी जिभेने तिखट. जन्मभर शिवणाचं मशिन चालवलेलं, त्यामुळे बोलणंही सुईसारखं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं ए, मला जरा भिंतीकडे कर. पाठीत निखारे ठेवल्यासारखं होतंय."

"आई, तू उजव्या रांगेत आहेस."

"मग? उजव्या रांगेत पाठ नसते?"

"असते. पण तिच्यावर अभ्यास चाललाय."

"माझ्या पाठीवर अभ्यास? चौथीत तुला पाढे येत नव्हते, तेव्हा कर म्हटलं तर केला नाहीस."

"निकाल लागू दे गं. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"लागू दे," आई म्हणाली. "तोवर पाठीचाही लागेल."

पुढच्या दुपारी सिस्टरने आईचा गाऊन बदलला. कंबरेच्या खाली, माकडहाडावर, रुपयाएवढा लाल डाग होता. तिने त्यावर बोट दाबून उचललं. चांगल्या कातडीवर असं केलं की ती क्षणभर पांढरी पडते आणि मग रंग परत येतो. हा डाग पांढरा पडला नाही. त्याचा अर्थ शिकाऊ पोरींनाही माहीत असतो: आतलं मांस मरायला लागलंय.  सिस्टरने पडदा ओढला. आईच्या गुडघ्यांमध्ये उशी घातली, अंगाखालची आडवी चादर मुठीत धरली आणि एका दमात तिला कुशीवर घेतलं. पाठीमागे गुंडाळलेलं ब्लँकेट लावलं, टाचा उशीवरून अधांतरी सोडल्या. आईने इतका लांब श्वास सोडला, की तो शेजारच्या खाटेवर ऐकू गेला असावा.

याला शरीरस्थिती-परिवर्तन म्हणता येणार नाही. सिस्टरने चादरीची सुरकुती काढली, एवढंच. चादरीची सुरकुती काढण्यास उजव्या रांगेत मनाई नव्हती. पुढे ती दर दोन तासांनी काढावी लागे, आणि तिची पाळी नसे तेव्हा ते काम तिचा नवरा करी. तो चांगला विमा एजंट होता. सुरकुत्या काढायला शिकला.

आता उजव्या रांगेत एकच पडदा सारखा ओढला जातोय हे कुणाच्या लक्षात येईल, या भीतीने तिने इतर खाटांवर नजर ठेवायला सुरुवात केली. तेव्हा तिला दिसलं, की पडदे सगळेच ओढलेले असतात. एक तिने बाजूला सारला. आत एका रुग्णाचा बेकरीवाला जावई होता, सासऱ्याला काखेत हात घालून उचलत.

"काय चाललंय?"

"काही नाही सिस्टर. सासऱ्यांना खिडकी दाखवतोय."

"खिडकी?"

"हो. आता बघून झाली की भिंत दाखवणार. मग परत खिडकी." तो जराही वरमला नाही. "तुमच्या आईंनीच सांगितलं, गुडघ्यांमध्ये उशी घाला म्हणून."

पुढच्या पडद्याआड सून सासूला खिडकी दाखवत होती. त्यापुढे एक नवरा बायकोला. ज्या खाटेजवळ खिडकीच नव्हती, तिथेही खिडकी दाखवणं चालू होतं. उजवी रांग डावीपेक्षा जास्त वेळा वळत होती, कारण डाव्या रांगेला वळवणारे पगारी होते.

कडक संशोधक असता तर त्याने तिथल्या तिथे अभ्यास थांबवला असता. पण थांबवायचा तर कारण द्यावं लागतं, आणि कारणाच्या यादीत पहिली खाट आईची आली असती. सिस्टरने पडदा पूर्ववत ओढला. डोळ्यांवर कातडं ओढणं हा वाक्प्रचार आहे. त्याने जखम होत नाही.

रांगेच्या टोकाला मात्र एक खाट होती, जिचा पडदा कधीच ओढलेला नसे. तिथे टपालवाले आजोबा होते. गावभर लोकांची पत्रं वाटण्यात हयात गेलेली; त्यांना भेटायला कुणी येत नसे. ते दिवसभर उताणे पडून छताकडे बघत. एकदा सिस्टर जवळून जाताना म्हणाले, "बाई, मलाही जरा खिडकी दाखवा की. सगळे बघतायत."

सिस्टर थबकली. हात पुढेही झाला होता, असं मावशी सांगते. पण उजव्या रांगेत एक तरी खाट खरी राहायला हवी होती, नाहीतर अभ्यास कसला? तत्त्वाला जागणारी बाई होती ती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची खाट संशोधनाला फार महत्त्वाची आहे."

"माझी?"

"तुमचीच."

आजोबांचा चेहरा उजळला. तुम्ही महत्त्वाचे आहात, असं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी कुणाला खिडकी मागितली नाही. पाठीखालचा वास आला तेव्हाही, संशोधनात व्यत्यय नको म्हणून, ते काही बोलले नाहीत.

निकाल लागला. डाव्या रांगेत जखमा: नाही. उजव्या रांगेत जखमा: एक, मूठ जाईल एवढी खोल, टपालवाल्या आजोबांना. समितीपुढे पेच पडला. एका खाटेमुळे सगळा निकाल वाकडा होत होता. आकडेशास्त्राच्या तज्ज्ञांनी मार्ग काढला. ज्याच्याकडे एकही माणूस येत नाही असा रुग्ण सर्वसामान्य म्हणता येत नाही. तो अपवाद आहे, आणि अपवादावर धोरण ठरत नाही. आजोबांना अभ्यासातून वगळण्यात आलं. खाटेवरून नव्हे, फक्त अभ्यासातून. मग दोन्ही रांगा तंतोतंत सारख्या निघाल्या.

"म्हणजे वळवा की न वळवा, फरक नाही," साहेब म्हणाले. "सिस्टर, तुमचं काय मत?"

आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी मत विचारलं होतं. ते तिच्याकडे होतं, जिभेवरच होतं. ती म्हणाली, "मत कशाला सर. आकडा समोर आहे."

टाळ्या झाल्या. खोली मिळाली. तिचं दार लागत होतं. तिथे बसून सिस्टरने पहिलं परिपत्रक काढलं: कूस बदलण्यास पुरावा नसल्याने ते दोन्ही रांगांत बंद करण्यात येत आहे, आणि नातेवाइकांच्या वावराने अभ्यासात अडथळा येत असल्याने सोबतीला राहण्याची पद्धतही बंद करण्यात येत आहे. परिपत्रक लागू व्हायच्या आदल्या दिवशी तिने आईला घरी नेलं. कारण कौटुंबिक होतं.

घरी ती दर दोन तासांचा गजर लावून आईला वळवते. आईचा डाग गेला. आजोबाही गेले. मृत्यूचं कारण ताप, आणि ते खरंच होतं. ताप कशाने आला, यावर अभ्यास झालेला नाही.

"टोकाचा तो पोस्टमन कसा आहे गं?" आईने एकदा भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"बरा आहे."

"त्याला कोण वळवतं आता?"

"आई, बोलू नकोस. उशी सरकते."

  त्यानंतर लेकीने वळवायला हात लावला की आई अंग जड करते. वळवून घेते, पण मदत करत नाही.

आता दुसरा अभ्यास मंजूर झाला आहे. पहिल्यातली त्रुटी तज्ज्ञांनी खासगीत मान्य केली: माणसं फार आली. या वेळी ज्यांच्याकडे कुणीच येणार नाही असे रुग्ण हवे आहेत. मिळतील की नाही अशी सिस्टरला धास्ती होती, पण चौकशीअंती आढळलं की असे लोक अपवाद वगैरे नाहीत, रांगच्या रांग भरेल. मुलंबाळं असली तरी चालतात, फक्त ती कामात असावीत. त्यांनी फोनवर 'काही लागलं तर सांगा' म्हटलेलं असावं, आणि काय लागतंय ते न ऐकता फोन ठेवलेला असावा. स्वतः रुग्णानेही धडधाकट असताना आजाऱ्याची विचारपूस खुर्चीवरूनच केलेली असावी, घड्याळाकडे बघत, चादरीखाली काय आहे ते न बघता.

अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव आम्ही घेतलं आहे. बोलावणं येईल तेव्हा या. तोवर हे वाचताना तुम्ही तीन-चारदा अंग इकडचं तिकडे केलंत, पाय मोकळे केलेत, पाठ टेकलीत, आणि कुणी तुमच्याकडे पुरावा मागितला नाही.

करून घ्या.