आज निळा!

आमच्या गल्लीत कोंबड्याच्या आधी वीरभद्राप्पा आरवत. सकाळी खिडकी उघडायची, काचेची नळी उजेडाकडे धरायची आणि खड्या आवाजात पुकारायचं, "आज निळाऽऽ!" गल्ली निश्चिंत होई. "हिरवा!" आलं की बायका विचारत, "आप्पा, काल कुणाच्या लग्नात जेवलात?"

नळीत आप्पांची स्वतःची लघवी असे. औषध घालून उकळली की रंग कळे. निळा म्हणजे साखर नाही, हिरवा-पिवळा म्हणजे आहे, विटकरी म्हणजे सांभाळा. लातूरच्या अडतीत जन्मभर गुळाच्या ढेपी विकणाऱ्या माणसाला शक्करची बीमारी व्हावी, हा देवाचा विनोदच. हैदराबादच्या डॉक्टरांकडून आप्पा नळी तपासायला आणि स्वतःला सुई टोचायला शिकून आले होते. सुईच्या औषधाची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात. गूळ ते नखाने खरवडून, हुंगून पारखत. जिभेला लावत नसत.

कुणी "भीती वाटते" म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "भ्या की! पर डोळं उघडं ठिवून भ्या."

ते बहुतेक मलाच ऐकवलेलं असे. मी नांदेडहून बदलून आलेला शाळामास्तर, समोरच्या माडीवर एकटा राहणारा. तहान भागेना म्हणून दवाखान्यात गेलो, तर मलाही तेच निघालं. माझे वडील याच रोगात पाय सडून गेले होते. आप्पांनी मला एक नळी आणि औषधाची शिशी दिली. मी दोन्ही ट्रंकेत धोतराखाली दडवली. रंग बघितलाच नाही तर रोगही नाही, अशी माझी समजूत.

निजामी अमदानीचे ते शेवटचे दिवस. रझाकारांच्या धास्तीने माणसं दारं लावून कुजबुजत, आणि आप्पा खिडकीतून रंग पुकारत. व्हायचं तेच झालं. एक जमादार दारात उभा. "ये नीला-हरा क्या है? किसकू इशारा करते?"

आप्पा म्हणाले, "बसा जमादारसाब, दावतोच की." आणि त्याच्यापुढे दिवा पेटवून त्यांनी नळी उकळायला घेतली. वासासरशी जमादार नाकाला रुमाल लावून पायरीवर पोचला. "तोबा! चिल्लाव नको, बस!"

तेव्हापासून आप्पा खिडकीत नुसती नळी उंच धरत. गल्ली मान वर करून बघे.

एका सकाळी खिडकी उघडलीच नाही. आदल्या संध्याकाळी बाजारात दंगल झाली होती, रस्ता सुनसान होता. पलीकडे जायची माझी छाती होईना. शेवटी देवाचं नाव घेऊन धावलो. दाराला आतून कडी नव्हती. आप्पा घामाने निथळत, थरथरत काहीतरी बरळत होते. दंगलीमुळे रात्रीचा खानावळीचा डबा आलेला दिसत नव्हता, सुई मात्र वापरलेली. सुई टोचून पोटात अन्न गेलं नाही तर साखर एकदम उतरते, तेव्हा काय करायचं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. फळीवरचा नमुन्याचा गूळ पाण्यात कालवून मी घोट घोट पाजला. त्यांना गिळता येत होतं, हे नशीब.

बऱ्याच वेळाने ते नीट बोलले. "मास्तर, भेसळ हाय ह्या गुळात."

मला हसूही आलं आणि रडूही.

"डब्याची वाट बघत डोळा लागला," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "आमची बायकू शिवलिंगव्वा अशीच गेली. ह्योच रोग. भिऊन कुनाला बोलली न्हाई. मी शेजारच्या खोलीत हुतो, मास्तर. सकाळी च्या मागाया गेलो तवा कळलं. म्हनून पुकारतो. कडी बी लावत न्हाई. एखाद्या दिशी आवाज न्हाई आला, तर कुनीतरी यावं."

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत ट्रंक उघडली. दिवा लावताना काडी दोनदा विझली. नळी उकळली.

समोरची खिडकी उघडली. आप्पांनी नळी उंच धरली. मी माझी धरली. विटकरी.

आप्पांनी ती नीट बघितली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जमादाराची पर्वा न करता ते ओरडले, "मास्तर, कडी काढून ठिवा! आलोच मी!"