चंपतरावांची पाजणी

चंपतरावांनी हात मऊ करायचे ठरवले, आणि तेही साठी उलटल्यावर. तोवर त्या हातांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. लहानपणी नागपूरच्या तांडापेठेत बापाच्या मागावर धोटा फेकला, माग बंद पडल्यावर कोराडीच्या वीजकेंद्रात जन्मभर राख उपसली. राखेनं कातडीतला सारा ओलावा पिऊन घेतला आणि वर ढेकरही दिला नाही. थंडीत तळव्यांना अशा भेगा पडत की गोपिकाबाई म्हणत, ह्यांच्या हातावर तूर पेरली तर उगवेल.

पण दिवाळीत लेक मयुरी पुण्याहून आली. तिची दीड वर्षाची रेवा आजोबांच्या मांडीवर बसली. आजोबांनी लाडानं गालावरून हात फिरवला आणि पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या कांताबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. गालावर लाल रेघ उमटली होती.

"गाल होय तो," गोपिकाबाई म्हणाल्या, "किसाले घेतलेला भोपळा नोहे."

सगळे हसले. चंपतरावही हसले. (माणूस चारचौघांत दुसरं काय करणार?) पण त्यानंतर रेवा जी दूर झाली ती झालीच. आजोबा दिसले की आईच्या पदराआड. घरात कोणी नसलं की चंपतराव उशी मांडीवर घेऊन तिला थोपटून बघत. तर उशीच्या खोळीचे धागेसुद्धा हाताला अडकून निघत.

संक्रांतीला रेवाचं बोरनहाण नागपूरला करायचं ठरलं, तसा ती निघायच्या दिवशी चंपतरावांनी मयुरीला फोन लावला. घरात ते एकटेच होते, गोपिकाबाई बहिणीकडे उमरेडला गेल्या होत्या. असल्या गोष्टी बायकोदेखत बोलायची त्यांना चोरी वाटे. कोणतं क्रीम आणू, एवढंच विचारायचं होतं. मयुरीची गाडीत बसायची घाई, काखेत लेकरू, हातात बॅग.

"बाबा, क्रीम मी घेऊन येऊन राहिली. पण कोरड्या हातावर नुसतं चोपडून होत नाही. पहिले हाताले चांगलं पाजा, मंग लावा."

"पाजा म्हणते?"

"हो, चांगलं पाजा," आणि फोन कटला.

आता पाजा म्हटल्यावर कोणी पाणी आणलं असतं, कोणी तेल. पण चंपतराव पडले जातीचे कोष्टी, आणि कोष्ट्याच्या घरी पाजणी एकच. तांदळाची खळ शिजवायची, त्यात तेलाचे चार थेंब टाकायचे, गल्लीभर ताणलेल्या सुताला ती कुंच्यानं पाजायची आणि उन्हात वाळवायची. मयुरी वाढली वीजकेंद्राच्या कॉलनीत, तिला हे ठाऊक नाही. चंपतरावांना मात्र आपल्या लेकीनं आपल्या बापजाद्यांचा शब्द उच्चारला म्हणून भडभडून आलं. अडाणी सूत जर खळ पिऊन वठणीवर येतं, तर हात का येणार नाही?

त्यांनी पातेलंभर खळ शिजवली. कोपरापर्यंत हात बुडवले. कुंचा नव्हता, म्हणून भिंत रंगवायचा ब्रश तोंडात धरून मारला. मग गच्चीवर जाऊन कपडे वाळवायच्या तारेवर दोन्ही हात आडवे ताणून उभे राहिले. पौषाचं ऊन, कोरडा वारा. खळ झकास वाळली. इतकी झकास की बोटं पापडासारखी पसरून तशीच राहिली, आणि वाकवायला गेले तर भेगांतून कळ थेट डोक्यात.

तेवढ्यात खाली कडी वाजली. गोपिकाबाई उमरेडहून परतल्या होत्या. चंपतराव तसेच हात पसरून जिना उतरले.

"दार उघडा."

"उघडता येत नाही."

"काहून?"

"हात वाळून राहिले."

बाहेरून कडी पुन्हा वाजली. मग, "हात वाळून राहिले म्हंजे? धुणं होय का?"

शेवटी कांताबाई आपल्या गच्चीवरून यांच्या गच्चीत उतरल्या आणि त्यांनी आतून दार उघडलं. गोपिकाबाई आत आल्या आणि थबकल्या. हात त्यांनी नंतर पाहिले, आधी वास ओळखला. त्याही विणकराच्याच लेकी.

"पाजणी केली का हो?" त्या हळूच म्हणाल्या. आईचं अंगण डोळ्यांसमोरून गेलं असावं. मग मात्र नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना.

खळ निघायला दोन बादल्या कोमट पाणी लागलं. सकाळी मयुरी आली, तिला सारं कळलं आणि तिनं कपाळावर हात मारला. पाणी पाजा म्हणायचं होतं तिला. मग बापाला समोर बसवून सगळं समजावलं. क्रीममध्ये ग्लिसरीन असतं, त्याला पाण्याची ओढ. हात ओला असला की ते पाणी धरून ठेवतं. त्यातली तेलं कातडीच्या फटी बुजवतात, आणि वरून व्हॅसलीनचं झाकण घातलं की पाणी उडून जात नाही.

"अन् हात कोरडाच असला, हवाही कोरडी, तं?" चंपतरावांनी विचारलं.

"तं मंग ग्लिसरीन आतलंच पाणी ओढते, बाबा. बाहेर भेटलं नाही की आतून वाळवते."

चंपतरावांनी मान डोलावली. दिवाळीपासून ओढ म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मयुरीनं त्यांचे हात धुतले, ओले असतानाच आपल्या बाटलीतलं क्रीम चोळलं, वर व्हॅसलीन फासलं. मग संक्रांतीपर्यंत चंपतरावांना दुसरा धंदाच उरला नाही. हात ओले करायचे आणि क्रीम लावायचं. हाताला तेवढा मान लग्नातही मिळाला नव्हता.

बोरनहाण झालं. बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतून घेऊन रेवा दमली, किरकिरायला लागली. मयुरी बायकांना वाण देण्यात गुंतलेली. गोपिकाबाईंनी कोणाला न विचारता पोर उचलली आणि चंपतरावांच्या मांडीवर ठेवली.

चंपतरावांनी श्वास रोखून गालावर हात ठेवला. पोर रडायची थांबली. तो हात तिनं दोन्ही मुठींत धरला, नाकाशी नेला, हुंगला आणि गालाखाली घेतला. डोळे मिटत आले, ओठ हलले. आता आबा म्हणते, आता म्हणते, म्हणून चंपतराव खाली वाकले. वाण घेणाऱ्या बायकाही वळून बघू लागल्या.

"आई," रेवा स्पष्ट म्हणाली, आणि झोपली. हाताला वासच तिच्या आईच्या बाटलीचा.

"घ्या," गोपिकाबाई म्हणाल्या, "आई झालेच आहात, तं उठल्यावर चड्डी बी तुम्हीच बदला."

"हळू बोल वं," चंपतराव पुटपुटले. "ते काम तिनं कवाचंच उरकलं. मांडी पुरी ओली हाय. पण आत्ता उठवू नको."