पातीत त्रेचाळीस टक्के वाढ

पीक जमिनीत येतं, पण पिकाची प्रगती कागदावर येते. आणि दोहोंत मतभेद झाल्यास कागदाचं म्हणणं ग्राह्य धरावं, हे शेतकी खात्यात सर्वमान्य आहे.

खात्यातल्या फवारणी-सहायकालाही हे मनापासून मान्य होतं. लसणाच्या पानांवर विद्राव्य खत फवारून उत्पादन वाढवायच्या प्रयोगासाठी त्याने हक्काची जागा निवडली: थोरल्या बहिणीचं रान. बारा वाफे, सहांवर फवारणी, सहा तसेच. बियाणं ताईचं. आईकडून आणलेलं, एकोणीस वर्षं जपलेलं.

"गड्डे नाही धरले तर पुढच्या वर्षी लावू काय मी?"

"ताई, प्रयोग खात्याचा आहे." (हे उत्तर नव्हतं, पण आवाज उत्तराचा होता.)

पहिल्या दोन फवारण्या पिकाला मानवल्या, हे ताईनेही कबूल केलं. प्रगतीच्या तक्त्यात रकाने तीन: पातीची उंची, हिरवेपणा (पाचपैकी), पिकाचा उत्साह (पुरेसा किंवा भरपूर). गड्डा जमिनीखाली असल्याने त्याला रकाना नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीवर मत देणं खात्याच्या शिस्तीत बसत नाही.

चौथ्या महिन्यात पात पिवळी पडू लागली.

"लसूण तयार होतोय रे. आता पाणी तोडायचं, नाहीतर सगळा जोर पातीत जातो," ताई म्हणाली.

सहायकालाही ते ठाऊक होतं. तरी त्याने साहेबांना फोन लावला.

"तक्त्यात पिवळ्यापुढे काय लिहिलंय?"

"अन्नद्रव्यांची कमतरता, साहेब."

"मग?"

मग त्याने नत्राच्या आणखी चार फवारण्या मारल्या. पात पुन्हा तरारली. ताईने वाद घातला नाही. न फवारलेले सहा वाफे गुपचूप काढले आणि जुड्या बांधून शेडमध्ये टांगल्या.

पाहणीला एकसष्ट पाहुणे आले. साहेबांनी एक रोप उपटलं. मान अंगठ्याएवढी जाड आणि खाली गड्डा म्हणावं असं काहीच नाही. साहेबांनी रोप वरच्या बाजूने न्याहाळलं.

"उत्साह भरपूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येऊन सहायकाने तक्त्याच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'गड्डा धरला नाही.' नोकरीतलं त्याचं हे पहिलंच धाडस. छायाप्रत काढताना समास कापला गेला. अहवालात वाढ त्रेचाळीस टक्के भरली (पातीची). न फवारलेल्या वाफ्यांपुढे शेरा: 'पाहणीच्या वेळी पीक आढळले नाही.'

तो ताईकडे गेला. ती शेडमध्ये बियाणं निवडत बसली होती.

"समासात लिहिलं होतं गं मी."

"वाचलं कुणी?"

"नाही."

"मग बस. मोठ्या पाकळ्या इकडे टाक."

तो मान खाली घालून निवडत बसला.

पुढच्या हंगामात हा प्रयोग चारशे गावांत होणार आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांचा फोटो आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे आपण आहात. आपल्याला आठवत नसेल. पण चेहऱ्यावर सगळं कळल्याचा भाव अगदी स्पष्ट आलाय.