घोरपडमाळाला एक साधा सभासद पाहिजे

घोरपडमाळ सायकल मंडळाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे बारा स्वयंसेवक आणि प्रत्यक्षात दोन फावडी होती. कामावर नियमित फक्त फावडी येत.

एक फावडं बेबीनंदाबाईंचं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत. पन्नाशीला टेकल्या होत्या, पण चढावर भल्याभल्यांना मागे टाकत. अंबड रस्त्याकडेच्या या माळावर बोरी-बाभळींतून वळणं घेत उतरणारी साडेतीन किलोमीटरची डोंगरी सायकलवाट त्यांनी सहा वर्षं खपून केली होती. दुसरं फावडं मिथुनचं. त्याचं मस्तगडला सायकल दुरुस्तीचं दुकान. उरलेले पाचशे दहा जण रविवारी सहाला ‘श्रमदानास शुभेच्छा’ असा संदेश पाठवून पुन्हा झोपत आणि नऊला चकचकीत सायकली घेऊन वाटेवर हजर होत. मधे दगड आडवा आला तर त्याचा फोटो काढून ‘संबंधितांनी लक्ष द्यावे’ असं कळवत. संबंधित म्हणजे बाई.

सहा वर्षांत कुणाकडून रुपया घेतला नाही, याचा बाईंना भारी अभिमान होता. तो एका सोमवारी उतरला. माळ ज्या कार्यालयाच्या ताब्यात होता, तिथून पत्र आलं की सदर जागेचा कोणीही वापर करत नसल्याने ती मुरूम काढण्यास देण्याचे प्रस्तावित आहे. बाई शाळा सुटल्याबरोबर तिथे गेल्या. हरिओम नावाच्या कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाइल दाखवली. फाइलीत मंडळ नव्हतं.

“पाचशे लोक येतात की हो,” बाई म्हणाल्या.

“येत असतील, मॅडम. पण फुकटचा माणूस सरकारला दिसत न्हाई. पावतीवाला बराबर दिसतो. वर्गणी भरलेले एक्कावन सभासद आणा, माळ मंडळाच्या नावानं राखून ठेवतो. महिनाअखेरपर्यंत.”

पाचशे बारातून एक्कावन्न म्हणजे दहा टक्केसुद्धा नाहीत, हा हिशेब बाईंनी जिना उतरता उतरता केला. वार्षिक वर्गणी दोनशे ठरवली, पावतीपुस्तक छापलं आणि दारोदार निघाल्या.

दीड लाखाची सायकल असलेले एक डॉक्टर म्हणाले की वाट मातीची आहे, मातीचे कसले पैसे. एका प्राध्यापकांना सेवेत पैसा आला की सेवेचं पावित्र्य जातं अशी चिंता वाटली. त्या चिंतेवर ते पाऊण तास बोलले आणि चहा बाईंनाच पाजावा लागला. आठवडाभरात पावत्या फाटल्या शून्य. बाईंनी आयुष्यभर पोरांना शून्याचं महत्त्व शिकवलं होतं, पण इतकं जवळून ते त्यांनीही पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी प्लॉटिंगवाला आदिनाथ भेटला. त्याने खिशातून पाचशेची नोट काढली आणि हातातच ठेवली.

“देतो की. पण मॅडम, नुसता सभासद? घरी काय सांगू? पद काय?”

बाईंनी क्षणभर विचार केला. महिना सरत चालला होता. त्यांनी आदिनाथला उपाध्यक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स लागला. काळा चष्मा लावलेला आदिनाथ, शेजारी सायकल आणि खाली शुभेच्छुक म्हणून बावीस डोकी. त्याच दुपारी ते बावीस शुभेच्छुक पैसे घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. उपाध्यक्षाच्या दोन जागा केल्या, एक चढासाठी, एक उतारासाठी. मग डाव्या वळणाचे प्रमुख झाले, तेव्हा उजव्या वळणावर अन्याय झाला म्हणून तिथेही एक प्रमुख नेमला. डॉक्टर मुख्य आरोग्य सल्लागार झाले. प्राध्यापक पावित्र्य समितीचे निमंत्रक झाले आणि पावतीवर पद ठळक लिहायला लावून गेले. ज्यांनी जन्मात सायकलला टांग मारली नव्हती, त्या उषाबाई महिला आघाडीच्या कार्याध्यक्ष झाल्या. पाच दिवसांत एकोणसाठ पावत्या फाटल्या. बाईंना आनंदाने रडू आलं.

रविवारी पदाधिकाऱ्यांचा सत्कार पदाधिकाऱ्यांच्याच हस्ते झाला. वर्गणीचे पैसे शाली, फेटे आणि ध्वनिक्षेपकात गेले. त्यानंतर बाईंनी नम्रपणे सांगितलं की परवाच्या पावसाने तिसरं वळण वाहून गेलंय, दगड लावायचा आहे. सगळे लगेच तिकडे गेले. मिथुन खड्ड्यात उतरला आणि एकोणसाठ जणांनी काठावरून त्याला मार्गदर्शन केलं. डाव्या वळणाचे प्रमुख म्हणत दगड सरकव, उजव्या वळणाचे म्हणत राहू दे.

“मी खोदून राह्यलो का तुमची बैठक चालवून राह्यलो?” मिथुनने विचारलं. हा प्रश्न पुढच्या बैठकीत घ्यावा असं ठरलं.

बाई यादी घेऊन कार्यालयात गेल्या. हरिओमने एकेक नाव बोटाखालून घातलं.

“हे सगळे पदाधिकारी झाले, मॅडम. सभासद कुठंयत?”

“हेच की.”

“न्हाई. पदाधिकारी कार्यकारिणीत धरतात. सभासद म्हणजे ज्याला काहीच पद न्हाई. तुमचे सभासद शून्य. आन् ज्या मंडळाला सभासदच न्हाई, त्याला पदाधिकारी कसे असतील? म्हंजे हे एकोणसाठ लोकबी न्हाईत.” त्याने यादी अदबीने परत दिली. “एक्कावन साधी माणसं आणा. शुक्रवारी पाचपर्यंत. मंग जेसीबी.”

त्या रात्री बाईंनी ग्रुपवर हात जोडून लिहिलं की माळ वाचवायचा आहे, कृपया पद सोडा आणि साधे सभासद व्हा. सर्वांनी वाचलं. आदिनाथने विचारलं की फ्लेक्सचा खर्च कोण देणार. प्राध्यापकांनी त्यागाच्या परंपरेवर सुंदर मजकूर पाठवला, पण तो इतरांसाठी होता. शेवटी बाईंनीच अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि स्वतःच्या नावाची पावती फाडली. पावती क्रमांक एक, साध्या सभासदाची. त्याबरोबर सहा वर्षं झोपलेला ग्रुप खडबडून जागा झाला, कारण अध्यक्षपद रिकामं झालं होतं. सकाळपर्यंत चौदा उमेदवार उभे होते.

दुसरी पावती मिथुनने फाडली. “खोदायचंबी मीच, भरायचंबी मीच,” तो म्हणाला आणि गल्ल्यातून दोनशे काढले. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

मग त्या पायथ्याच्या गावात गेल्या. शेळ्या घेऊन त्याच वाटेने माळावर चढणाऱ्या केशरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराची गाठ सोडली. वाट चांगली आहे, पाय घसरत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पद विचारलं नाही. त्यांच्या मागे जावा आल्या, विहिणी आल्या, गवंडी आले, टपरीवाला आला. शुक्रवारी दुपारी चार वाजता बाईंच्या यादीत पन्नास नावं होती.

एक कमी. जेसीबी पायथ्याशी येऊन उभं राहिलं होतं. चौदा उमेदवार त्याच्यासमोर आळीपाळीने फोटो काढत होते. बाई पावतीपुस्तक घेऊन आणखी एक दार शोधत निघाल्या आणि इतका वेळ आदिनाथला मनमुराद हसत होतात ते तुम्ही दारातच सापडलात.

तुम्ही बाईंचं मनापासून कौतुक केलंत. फार मोठं काम आहे, चालू ठेवा, म्हणालात. माझ्याकडे सायकल नाही, म्हणालात. केशरबाईंकडेही नाही, असं बाईंनी सांगितल्यावर तुम्ही खिशात हात घातलात. दोनशेची नोट निघालीही. बाईंनी पेन उघडलं, पावती क्रमांक एक्कावन्न लिहिला आणि तुमचं नाव विचारलं. तुम्ही नोट जरा मागे घेतलीत.

“देतो की,” तुम्ही म्हणालात, “पण सन्माननीय वाचक असं एखादं...”

पुढचं बाईंना ऐकू आलं नाही. पाच वाजले होते आणि माळावर जेसीबी सुरू झालं होतं.