काचेआडचं ऊन

हाडवाल्यांनी गोळ्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं आणि तिथून पुढचं रामायण घडलं.

हाडवाले म्हणजे इस्पितळाच्या तळघरात तीस वर्षं "श्वास रोखा, हलू नका" म्हणत लोकांचे एक्स-रे काढणारे गृहस्थ. सहा महिने झाले, त्यांच्या पिंढऱ्या दुखत होत्या, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या. "सगळी आळसाची सोंगं," असं बायकोचं निदान होतं. (बायको घरी शिवणकाम करायची, कुठे काय उसवलंय ते तिला लांबूनच कळे.) त्यामुळे रक्ततपासणीत 'ड' जीवनसत्त्व जेमतेम अकरा निघालं तेव्हा हाडवाल्यांना वाईट वाटण्याऐवजी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं. रिपोर्ट त्यांनी फ्रिजवर चिकटवला.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक गोळी आणि रोज थोडं ऊन सांगितलं होतं.

"गोळी कशाला? जन्म किरणांत गेलाय माझा!" हाडवाले म्हणाले.

दोन महिने ते दुपारपाळीला जाण्याआधी रोज बाल्कनीत उघड्या अंगाने बसले. बायको मशीनवरून उठून, गुडघ्यावर हात टेकत, चहा आणून देई. आजाऱ्याचा तेवढा मान असतोच.

दुसरा रिपोर्ट आला. पुन्हा अकराच.

"गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कपाटात आहेत. पण ऊन रोज अर्धा तास! बाल्कनीत, काचा लावून."

"काचा लावून?"

"मग! किरण म्हटले की आपण काचेच्या आड. तीस वर्षांत नियम मोडलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, काचेतून ऊब येते. आपल्याला हवे ते किरण काच अडवते. आणि इतकं कमी असताना गोळीही लागतेच." एवढ्यात त्यांची नजर हाडवाल्यांसोबत आलेल्या, खुर्चीचे हात धरून उठणाऱ्या बायकोकडे गेली. "काकू, तुमचं कधी तपासलंय?"

काकूंचं आठ निघालं.

हाडवाल्यांचा पहिला नंबर गेला, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. साऱ्या गावाची हाडं आरपार पाहिली आणि रोज उठून चहा आणून देणारीचं दुखणं दिसलं नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

"बोलली का नाहीस गं?"

"घरात एक आजारी पुरे होता."

आता दोघंही गोळ्या घेतात आणि गच्चीवर जातात. चहा हाडवाले करतात. पहिल्या दिवशी तर ते छाती पुढे काढून, डोळे मिटून उन्हात ताठ उभे राहिले. थोड्या वेळाने बायकोने कोपराने ढोसलं.

"अहो, श्वास सोडा. इथे कुणी फोटो काढत नाहीये."