हळू बोला, पक्षी आहेत!

पक्षी बघायला काय लागतं? दुर्बीण? कॅमेरा? छे! शिस्त लागते! आणि शिस्तीच्या बाबतीत सिडनीच्या अख्ख्या स्कोफिल्ड्स उपनगरात माझा हात धरणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. आमच्या घरी डिशवॉशरमध्ये चमच्यांनी कुठे तोंड करून उभं राहायचं याचासुद्धा नियम आहे. चिन्मयी, म्हणजे माझी बायको, तो पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे लॉर्ड हाव बेटावरची चार दिवसांची टूर मी बुक केली तेव्हा ती यशस्वी होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सिडनीहून विमानाने दोन तास, चहूकडे नुसता समुद्र, मध्ये एका जुन्या ज्वालामुखीचे उरलेसुरले दोन डोंगर, आणि त्यांच्यावर पक्षीच पक्षी. बरोबर गाइड. अजून काय पाहिजे?

पण टूरचं खरं कारण होतं बाबा. माझे बाबा, दत्तात्रय, बत्तीस वर्षं साताऱ्याच्या स्टँडवर एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. माइक हातात दिला तर ते तो टेबलावर ठेवायचे आणि मग घोषणा करायचे. कोरेगावच्या गाडीची घोषणा कोरेगावातच ऐकू जायची असं लोक म्हणायचे, आणि मला ते खरं वाटतं.

असा माणूस मार्चअखेर तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आला, आणि मी त्यांना हळू बोलायला शिकवायला घेतलं. ट्रेनमध्ये, "बाबा, हळू!" दुकानात, "बाबा, हळू, लोक बघतायत!" बाबांना प्रश्न फार. "अरे हृषी, हा माणूस एवढ्या थंडीत अनवाणी का फिरतोय?" प्रश्न उत्तम, पण तो त्या अनवाणी माणसासकट सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू गेलेला! मग मी पुन्हा, "बाबा, हळू!"

हळूहळू फरक पडला. आवाज कमी झाला. प्रश्न कमी झाले. मे उजाडेपर्यंत बाबा इतके सुधारले की घरात आहेत की नाहीत हे कळायला बाथरूमचा दिवा बघावा लागे. मी खूश होतो! आणि एका रविवारी पोहे खाता खाता ते म्हणाले, "हृषी, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ जरा."

चिन्मयीच्या हातातला झारा तसाच राहिला. "का हो बाबा? काही चुकलं का आमचं?"

"छे गं. झालं की सिडनी बघून."

रात्रीपर्यंतही न थांबता चिन्मयीने मला गराजमध्ये गाठलं. "दिवसातून किती वेळा 'हळू' म्हणतोस त्यांना, मोजलंयस?"

"अगं, कंटाळले असतील. म्हातारी माणसं..."

"कंटाळले नाहीत, मिटले आहेत ते!"

मला ते काही पटलं नाही. पण त्याच संध्याकाळी बाबा टीव्हीवर एक कार्यक्रम बघत होते आणि एकदम म्हणाले, "हृषी, हा पेट्रेल नावाचा पक्षी सगळं आयुष्य समुद्रावर काढतो आणि अंडं घालायला फक्त एकदोन बेटांवर येतो म्हणे. आणि माणसाला घाबरत नाही, अगदी जवळ येऊन बसतो. खरं असेल का रे?"

तीन आठवड्यांतला पहिला प्रश्न! मी झडपच घातली. "बाबा, दाखवला तर?"

"दाखवलास तर ठरल्याप्रमाणे जूनअखेर राहतो." बाबा हसले. "नाहीतर पुढच्या शनिवारचं तिकीट काढ."

झालं! मी कामाला लागलो. पक्षी म्हटलं की शांतता हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. मी नियम केले. बोलायचं नाही. फारच गरज पडली तर कुजबुजायचं. त्याहून बरं म्हणजे हातवारे. बाबांची कॅरीबॅग बाद, कारण ती चुरचुरते. जाकिटं चेनची चालतील, पण चेन घरूनच लावून निघायचं. चिन्मयीने डब्यात चिवडा भरला होता, तो मी बाहेर काढला.

"चिवड्याने काय घोडं मारलं?"

"वाजतो!"

"आणि लाडू?"

"बेसनाचे चालतील. डिंकाचे कडकड वाजतात."

चिन्मयीने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नाची सीडी उलटी फिरवता आली असती तर तिने तिथल्या तिथे फिरवली असती.

विमान छोटंसं, डुलत डुलत उतरलं. बेटावर बाहेरचं बी-बियाणं जाऊ नये म्हणून तिथे बुटांचे तळवे तपासतात. बाबांचे बूट एका बाईने उलटे करून ब्रशने घासले, तसे बाबा न राहवून म्हणाले, "अरे, पायताण एवढं मायेनं आपल्याकडे कुणी..."

"बाबा, हळू!"

समोरचे दोन उंचच्या उंच डोंगर बघून बाबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ज्वालामुखी चालू आहे का बंद?"

"बंद," मी कुजबुजलो. "सत्तर लाख वर्षं झाली."

"कायमचा, का तात्पुरता?" पण त्याचं उत्तर द्यायच्या आत मी ओठांवर बोट ठेवलं होतं.

आमची गाइड शेली, साठीची, हाफ पँटमधली, पाय साल काढलेल्या खोडासारखे. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या ग्रुपला गोळा करून माहिती सांगायला सुरुवात केली. आम्ही नऊ जण होतो. मी बाबांना आणि चिन्मयीला घेऊन तीस पावलं लांब जाऊन उभा राहिलो. गर्दीत पक्षी येत नाहीत! आणि माहितीची चिंता नव्हती. टूरची सगळी कागदं माझ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार लावलेली होती. वाचायची तेवढी राहिली होती.

मग चालायला लागलो. पुढे तो ग्रुप, मागे आम्ही. आणि काय सांगू! ती मंडळी बेशिस्तीचा कळस! कुणी दगडावर दगड आपटतंय, कुणी "हूऽऽ" करतंय, अ‍ॅडलेडचं एक रिटायर्ड जोडपं तर चक्क टाळ्या वाजवत होतं! आमच्यापर्यंत एक पीसही पोचलं नाही. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी शेलीकडे तक्रार करायला गेलो. अर्थात कुजबुजत.

"एक्स्क्यूज मी, शेली, द नॉइज..."

"यू क्रूक, मेट?" म्हणजे तब्येत बरी नाही का? आणि तिने माझ्या हातात मध-लिंबाचं गरम पाणी ठेवलं. मी पुन्हा कुजबुजलो. तिने मध वाढवला.

जेवायला आम्ही तिघं एका टेबलावर बसलो. बाबांनी नेहमीप्रमाणे हात जोडून, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. चिन्मयीने हातानेच 'मीठ' असं खुणावलं, मी हातानेच 'कुठाय?' विचारलं. शेली लांबून आमच्याकडे बघत होती. मग ती अ‍ॅडलेडच्या जोडप्याच्या कानात काहीतरी बोलली, आणि त्यांनीही आमच्याकडे बघून माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी चमत्कार! सगळा ग्रुप चिडीचूप! दगड नाहीत, टाळ्या नाहीत. शेली गाडीचं इंजिन उतारावरच बंद करून गाडी घरंगळत आणायची. अ‍ॅडलेडच्या आजोबांनी तर बाबांना बघून हात जोडले, बाबांनीही जोडले. मी चिन्मयीला कोपराने ढोसलं. "बघ! याला म्हणतात प्रभाव! आपल्याकडे बघून शिकले लोक!"

"पक्षी कुठाय?" ती कुजबुजली.

हा प्रश्न मात्र रास्त होता. पक्षी दिसत होते, पण आभाळात, मोहरीएवढे. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. बाबा काही बोलत नव्हते. तिसऱ्या रात्री त्यांनी बॅगेतून पासपोर्ट काढून उशाशी ठेवलेला मी पाहिला. टूर फुकट जाण्याचं दुःख नाही हो. पण माणूस महिनाभर आधी निघून जाणार, तो माझ्या घराला कंटाळून, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

शेवटची दुपार. चार वाजले असतील. शेलीने आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी ताडांच्या रानात नेलं आणि वर बोट दाखवलं. बाप रे! हजारो पेट्रेल डोंगराच्या माथ्याभोवती गरगरत होते! पण सगळे वरच. शेली आमच्याकडे बघे, उसासा टाके आणि गप्प बसे. बाबांनी मान इतकी मागे टाकली होती की टोपी पडली, ती त्यांनी आवाज न करता उचलली.

म्हटलं, निदान फोटो तरी चांगला घेऊ. बाबा, डोंगर आणि पक्षी एका फ्रेममध्ये! मी फोन डोळ्यांसमोर धरून एक पाऊल मागे गेलो. डोंगर बसेना. अजून एक. अजून दोन.

"एऽऽऽ! थांऽऽऽब! मागं ओढा हाय, मागं बघ की!"

बत्तीस वर्षं रिव्हर्समध्ये येणाऱ्या गाड्या अडवलेला तो आवाज होता! रान हादरलं. मीही हादरलो, आणि त्यामुळेच ओढ्यात पडलो. गुडघाभर पाण्यात बसल्या बसल्या मी सवयीने म्हणालो, "बाबा, हळू..."

धप्प!

माझ्यासमोर आभाळातून काहीतरी पडलं. राखाडी, कबुतराहून मोठं. उठलं, पंख झटकले, आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघायला लागलं. धप्प! दुसरं. धप्प, धप्प! ताडाच्या झावळ्यांतून पेट्रेल खाली येत होते, कुणी वरून उशा फेकाव्यात तसे!

पण पक्ष्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. अ‍ॅडलेडच्या आजी डोळे पुसत होत्या. शेली धावत बाबांकडे गेली, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी! मुलाला वाचवण्यासाठी तुमचं मौनव्रत मोडलं!"

"कसलं व्रत?" चिन्मयीने चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने विचारलं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. शेलीला वाटलेलं, आम्ही तिघंही धार्मिक मौनात आहोत. म्हणून तिने सगळ्या ग्रुपला विनंती केली होती की, या कुटुंबाचा मान राखून कुणी आवाज करू नका. नाहीतर एरवी ती इथे येऊन पहिली आरोळी ठोकते! हे पक्षी आवाज ऐकला की कोण आहे ते बघायला खाली येतात. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की!

चिन्मयीने माझ्या पाठीवरच्या सॅकमधून फोल्डर काढला, उघडला आणि ओढ्याच्या काठावर उभी राहून वाचलं. "पान तीन. ठळक अक्षरांत. प्लीज बी अ‍ॅज लाउड अ‍ॅज यू लाइक." मग फोल्डर मिटून म्हणाली, "तारखेनुसार लावलंय मात्र छान."

बाबांनी तिला विचारलं, "म्हणजे ओरडायचं?"

"पोटभर, बाबा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. आपला बाप आपली परवानगी मागतोय, हे बघून मला ओढ्यातून वर येऊच नये असं वाटलं. मी मान हलवली.

बाबांनी टोपी घट्ट केली, छाती भरून घेतली. "सातारा, मेढा, महाबळेश्वऽऽर! महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे! लहान मुलं सांभाळाऽऽ!"

आणि प्रवासी आले हो! धपाधप आले! एक शेलीच्या पायाशी, एक आजोबांच्या टोपीवर, आणि एक बाबांच्या बुटावर. बाबा हळूच खाली बसले, तसा तो त्यांच्या मांडीवर चढला. बाबांनी त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले. कुठून आलास? मध्ये थांबतोस कुठे? घरी कोण असतं? तो एकेका प्रश्नाला मान इकडची तिकडे करत होता. शेलीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती खाली बसून ऐकत होती.

"हृषी," बाबा पक्ष्यावरची नजर न काढता म्हणाले, "दोन महिन्यांनी बघ, मी बोललो आणि कुणीतरी जवळ आलं."

मला भयंकर लाज वाटली. शेली म्हणाली, "तूही मार की हाक, मेट!" मी घसा खाकरून ओरडलो. म्हणजे मला वाटलं ओरडलो. चिन्मयीच्या म्हणण्याप्रमाणे, मीटिंगमध्ये 'कॅन यू हिअर मी?' विचारतो तेवढाच तो आवाज होता. एकही पक्षी आला नाही. माझ्यासमोर बसलेला होता तोही उठून बाबांकडे गेला.

बाबा जूनअखेर राहिले. नुसते राहिले नाहीत, रोज पाच वाजता बॅकयार्डमध्ये उभे राहून हाक मारायला लागले. "एखादा वाट चुकून इकडे आला असेल तर?" मी दात-ओठ आवळून गप्प. पेट्रेल काही आला नाही, पण तिसऱ्या दिवशी कुंपणावरून एक पगडी वर आली.

"अंकल, सब ठीक तो है?"

तो गुरप्रीत. मग त्याची आई आली, मग समोरच्या घरातली चारुता म्हणून नाशिकची मुलगी, मग मागच्या गल्लीतले दोघं. रोज अर्धा किलो चहापत्ती उडायला लागली. बाबा अंगणात मध्यभागी, आणि भोवती ही मंडळी, हसणं स्टेशनपर्यंत जात असेल.

एका रविवारी मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलो तेव्हा गुरप्रीत गाडी धूत होता. चार वर्षं आमची कुंपणाची फळी एक आहे. त्याने माझ्याकडे बघून मोठ्या प्रेमाने विचारलं, "भाईसाब, आप इंडिया से कब आए? अंकल के यहाँ कितने दिन रुकोगे?"

मी सांगितलं, चार साल से यहीं हूँ.

त्याला ऐकूच गेलं नाही.