शास्त्रीबुवांचा सहावा उद्देश

आमचे शास्त्रीबुवा रोज पहाटे वेद म्हणत, पण निम्मेच. एक तुकडा खणखणीत आवाजात म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग पुढचा तुकडा, की पुन्हा गप्प. सलग आवाज असला तर माणूस त्यालाही सरावतो. आमच्याकडे धान कांडण्याच्या दणदणाटात लेकरे बिनघोर झोपतात. पण हा आवाज थांबायचा. मला वाटायचे, संपले एकदाचे. मी कूस बदलून डोळे मिटायचो आणि नेमका तेव्हाच पुढचा तुकडा भिंतीतून यायचा. अकरा वर्षे मी असा झोपलो, म्हणजे झोपलो नाही.

आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत होती ती कुडाची, शेणामातीने लिंपलेली. मी कामठ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात शाळेवर मास्तर. चार वर्ग, एक फळा आणि चारही वर्गांना मिळून मी एक. संध्याकाळी घरी आलो की अंगात बसायचेही त्राण नसे. अशा माणसाला शेजार कसा हवा? मुका हवा. मला मिळाले शास्त्रीबुवा.

ते साठी ओलांडलेले, उंच, वाळलेल्या शेंगेसारखे खडखडीत. त्यांना जगात एकच काम होते. त्यांना संस्कृतचे विद्यापीठ काढायचे होते, आणि तेही इथेच, धानाच्या शेतांत, बांध्यांमध्ये. मी एकदा विचारले, "काशीला का नाही काढत?" तर म्हणाले, "काशीला सगळं आहे. ज्याचं ताट भरलेलं आहे त्याला कशाला वाढायचं?"

विद्यापीठाला जागा नव्हती, इमारत नव्हती, शिकवणारा एक होता आणि शिकणारा एकही नव्हता. उद्देश मात्र होते, चांगले त्रेचाळीस. माझे अक्षर चांगले, हा माझा गुन्हा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत सगळे उद्देश नव्याने स्वच्छ लिहून काढायचे काम माझ्या गळ्यात पडे. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा मी शाळेतल्या जुन्या परीक्षेच्या कागदांच्या पाठीवर लिहिले. एका बाजूला ‘अठरा आंबे तिघांत सारखे वाटा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लुप्त होत चाललेल्या शास्त्रांचे रक्षण करावे’.

उद्देश वाढत कसे, तेही सांगतो. "हे उद्देशात घाला, मास्तर," हे त्यांचे पालुपद. एकदा माझा भात करपला. वास भिंतीपलीकडे गेला, आणि उद्देश सव्विसावा तयार झाला: विद्यार्थ्यांस भात पोटभर व न करपलेला मिळावा. मोहाचे दिवस आले, अंगणाअंगणात फुले वाळत पडली, त्या वासाने बुवांचे डोके जड झाले. उद्देश एकतिसावा: विद्यापीठाच्या हद्दीत मोहफुले वाळत घालू नयेत, घालणे भागच असेल तर आधी वाऱ्याची दिशा पाहावी. पाठ चालू असताना डास चावला तर काय करावे, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. शेवटी खाजवायला परवानगी मिळाली, पण तुकडा संपल्यावर.

एकदा मला ताप होता. मी वैतागून भिंतीवर थाप मारली आणि ओरडलो, "बुवा, मास्तराला झोपू द्यावं, हेही उद्देशात घाला!" ते लगेच कागद घेऊन आले. तापातच मी लिहिले: विद्यापीठाशेजारी राहणाऱ्यांच्या झोपेचा विचार व्हावा. हा त्रेचाळिसावा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठ होता त्याच वेळी सुरू झाला.

आमच्या दोघांकडे झाडलोट करायला कौसाबाई यायची. बोलायला फटकळ. एक दिवस तिने झाडू थांबवून विचारले, "पंडितजी, तुमच्या शाळेत कोन कोन येऊन राहिले जी? का फक्त बामनाचेच पोरं?"

बुवा म्हणाले, "मास्तर, चौथा वाचा."

मी वाचला: शिकायला येणाऱ्याला कान आहे का, एवढे पाहावे. बाकी काही विचारू नये.

"मंग पोरीले बी कान असते न जी," कौसाबाई म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली. बुवांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हा उद्देश माझा नाही. मी यावर पुष्कळ भांडलो होतो." कोणाशी, ते बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. शाळा सुटल्यावर मला कोणाला काही विचारायची ताकद उरत नसे.

सगळ्या उद्देशांत एक भानगड होती. पाचव्यानंतर सहाव्याचा आकडा घालायचा, जागा सोडायची, मग सातवा लिहायचा. दरवर्षी मी विचारी, "सहावा?" दरवर्षी ते म्हणत, "जागा सोडा." एका वर्षी कागद वाचवायला मी सातव्याचाच सहावा केला. बुवा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी मुकाट्याने सगळे पुन्हा लिहिले.

तर अशा या विद्यापीठाला खरोखरच जागा मिळायची वेळ आली. आमच्या गावच्या जमिनीचे मालक असलेल्या मालगुजारांची आई वारली होती. तिच्या नावाने काहीतरी करावे म्हणून नागऱ्याच्या वाटेवरची थोडी जमीन आणि तिथले जुने कोठार द्यायचे त्यांच्या मनात आले. त्यांनी बुवांना निरोप पाठवला: एक दिवस येऊन चार माणसांसमोर पाठ म्हणा, उद्देश वाचून दाखवा, मन भरलं तर तेव्हाच जागा देतो.

बुवांनी उपरणे स्वतः धुतले. मला तीनदा विचारले, "मास्तर, कोठारात किती जण बसतील?" मी म्हटले, "धानाची पोती काढली तर चाळीस." ते चाळीस ऐकून त्यांना रात्रीचे जेवण गेले नाही.

आदल्या आठवड्यात शाळेची तपासणी झाली होती. साहेबांनी मला पोरांसमोर झाडले होते. बैलगाडीत बसलो तेव्हाच माझ्या डोळ्यांवर झापड होती. मनात एकच, लवकर आटपावे आणि घरी जाऊन पडावे.

मालगुजारांच्या ओसरीत गावातली पंधरा-वीस माणसे जमली होती. ठरले असे, की आधी बुवांनी पाठ म्हणायचा, मग हार, मग मी उद्देश वाचायचे. बुवांनी डोळे मिटले आणि पहिला तुकडा म्हटला. ओसरी दुमदुमली. मग ते गप्प झाले.

मालगुजारांना वाटले, झाले. त्यांनी हात जोडले. हार घेऊन बसलेला गडी उठला. तेवढ्यात बुवांनी दुसरा तुकडा सुरू केला, गडी खाली बसला. बुवा थांबले, गडी उठला. बुवा सुरू झाले, गडी बसला. पोरे खुसखुसू लागली. चौथ्या वेळी गड्याने धीर करून हार घातलाच, आणि त्याच क्षणी बुवांनी पाचव्या तुकड्याला मान वर केली. हार कानाला अडकला. मग सगळी ओसरी हसली.

मालगुजार माझ्याकडे झुकले. "काऊन जी मास्तर, पंडितजी भुलून राहिले का?"

मी दमलो होतो. मला घरी जायचे होते. मी म्हटले, "वय झालं, जी."

एवढेच तीन शब्द. बुवांचे डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि सहावा तुकडा त्यांनी म्हटलाच नाही.

मालगुजार वाईट माणूस नव्हते. ते हळूच म्हणाले, "पंडितजी, तुमाले आता आराम पायजे. ज्याले सोताचा पाठ याद नाही, तो पोरायले कायले तरास देऊन राहिला? कोठारात धान हाय, राहू द्या तसंच." बुवांना त्यांनी नारळ दिला, पाया पडले आणि आत गेले. त्रेचाळीस उद्देश माझ्या पिशवीतून बाहेरही आले नाहीत.

घरी आल्यावर बुवा अंगणात बसून उपरण्याला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचत राहिले. मी आत जायला निघालो तेव्हा म्हणाले,

"मास्तर, मी विसरलो नव्हतो."

"मग थांबत का होता?"

"तो पाठ दोघांचा असतो. समोरासमोर बसायचं. एक तुकडा एकाने म्हणायचा, पुढचा दुसऱ्याने. एक चुकला की दुसऱ्याने टोकायचं. गोपाळ आणि मी काशीला एकत्र शिकलो. इकडे आलोही एकत्र. नागऱ्याच्या महादेवासमोर आम्ही वर्षानुवर्षं असे बसलो. मानमोडीच्या साथीत तो गेला. तीन दिवसांत."

मानमोडीला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. मी म्हटले, "मग त्याचाही तुकडा तुम्हीच का म्हणत नाही? तुम्हाला तर येत असेल."

"येतो की. पण तो मी म्हटला म्हणजे गोपाळ नाही, असं झालं." त्यांनी आणखी एक पाकळी वेचली. "विद्यापीठ दोघांचंच होतं. उद्देशही तसेच ठरवायचे, एक माझा, एक त्याचा. चौथा त्याचा. त्यावर दोन दिवस भांडलो आणि हरलो. पाचवा माझा. सहावा तो उद्या सांगतो म्हणाला होता."

मला लाज वाटली. दरवर्षी ती जागा मी सोडत आलो होतो आणि दरवर्षी मनात चरफडत आलो होतो. माफी मागायची राहिली, आणि मी आत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती शांततेने. भिंतीपलीकडे काहीच नव्हते. अकरा वर्षे मी ह्याच पहाटेची वाट पाहिली होती, आणि आता ती आली तर डोळा लागेना. मी छताकडे पाहत वाट बघत होतो. तांबडे फुटले. कौसाबाई आली, त्यांच्या दारातून डोकावून माझ्याकडे आली.

"मास्तर जी, पंडितजी उठून नाही राहिले. जागे हायेत, पन बोलून नाही राहिले. तुमी पाहा न जी."

मी गेलो. बुवा भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी विचारले, "बरं वाटत नाही का?" उत्तर नाही. मी म्हटले, "काल मी चुकलो." तरी नाही. काय करावे कळेना. शाळेची वेळ होत आली होती, आणि मी नेहमीसारखाच दमलेला होतो. मी खाली जमिनीवर बसलो, आणि का कोण जाणे, त्यांचा पहिला तुकडा म्हटला.

मला संस्कृत येत नाही. मी पोवाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा, घरी कोणी ते शिकले नाही. एका शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पण अकरा वर्षे जे रोज पहाटे भिंतीतून कानात शिरले होते, ते चढउतारांसकट बाहेर आले. जिथे ते थांबत तिथे मी थांबलो. पुढचे मला येतच नव्हते. ते मी कधी ऐकलेच नव्हते.

कौसाबाई दारात झाडू धरून उभी होती.

मग भिंतीकडून, बुवांची पाठ माझ्याकडे असतानाच, पुढचा तुकडा आला. गोपाळरावांचा. आवाज बसलेला होता, मध्ये दोनदा फुटला, पण तुकडा पुरा झाला. मी माझा दुसरा म्हटला. त्यांनी पुढचा म्हटला. तिसऱ्याला ते उठून बसले आणि माझ्यासमोर मांडी घातली. पाचव्याला त्यांनी हात वर केला.

"चुकलात."

"कुठे?"

"आवाज वर न्यायचा तिथे खाली आणलात. पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटले. पुन्हा चुकलो. त्यांनी पुन्हा टोकले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते मास्तरासारखे मला दटावत होते. मी म्हटले, "बुवा, मला हे म्हणायचा अधिकार आहे का, ते तरी सांगा."

"चौथा वाचलाय ना तुम्ही? मग?" ते म्हणाले. "कागद आणा. सहावा लिहायचा आहे."

मी पिशवीतून कालचे उद्देश काढले. बुवांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. मग सांगितले आणि मी लिहिले: समोर कोणीतरी बसलेले असावे.

"हा तुमचा?" मी विचारले.

"त्याचाच असणार," बुवा म्हणाले. "पाळी त्याची होती."

त्या दिवशी शाळेला उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे त्यांच्यासमोर जाऊन बसू लागलो. झोप तेव्हाही मिळाली नाही.